द लाफिंग पोलिसमन : मार्टिन बेकचं चौथं पुस्तक चौथंच का वाचावं

स्वीडनच्या पोलीसकथा वाचायच्या आहेत, कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की बऱ्याचदा थेट एकच पुस्तक सुचवलं जातं : माय शेवाल आणि पेर वालू या जोडीचं ‘द लाफिंग पोलिसमन’. मार्टिन बेक या स्टॉकहोमच्या पोलीस अधिकाऱ्याभोवती फिरणाऱ्या दहा पुस्तकांच्या मालिकेतलं हे चौथं, १९६८ सालचं. इंग्रजीत आल्यावर १९७१ साली त्याला सर्वोत्तम कादंबरीचा एडगर हा रहस्यकथांसाठीचा अमेरिकन पुरस्कार मिळाला, १९७३ साली हॉलिवूडनं त्यावर सिनेमा काढला, आणि ‘मालिकेतलं एकच वाचणार असाल तर हे वाचा’ हा सल्ला आजही ऐकू येतो. पुस्तक त्या कौतुकाच्या तोलाचं आहे, त्यात शंका नाही. सल्ला मात्र वाचकाचं नुकसान करणारा आहे. या कथेचा सगळा भार ज्याच्यावर आहे तो माणूस सुरुवातीलाच मेलेला सापडतो, आणि त्याची ओळख आधीच्या पुस्तकांत झालेली असते. त्याला न ओळखता वाचलं तर हाती एक उत्तम रहस्यकथा लागते. ओळखून वाचलं तर घरातलं कुणी गेल्यासारखं होतं.

कथा थोडक्यात. रहस्य फुटेल असं इथे काही सांगत नाही.

१३ नोव्हेंबर १९६७ ची रात्र, स्टॉकहोममध्ये धो धो पाऊस. अमेरिकन वकिलातीबाहेर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं चालू आहेत आणि पोलिसांचं बळ तिकडे गुंतलेलं आहे. मार्टिन बेक आणि त्याचा मित्र-सहकारी लेनार्ट कोलबर्ग घरात बुद्धिबळ खेळत बसलेत. रात्री अकराच्या सुमारास ४७ नंबरची लाल डबलडेकर बस शहराच्या हद्दीजवळ रस्ता सोडून कुंपणाला धडकून थांबते. आत ड्रायव्हर धरून नऊ माणसं आहेत. सगळ्यांवर सबमशीनगननं गोळ्या झाडल्यात. आठ जण मेलेत, एकाचा जीव अजून धुगधुगतोय. मेलेल्यांपैकी एक ऑके स्टेन्स्ट्रॉम, बेकच्या पथकातला तरुण पोलीस.

तो ड्यूटीवर नव्हता, पण सरकारी पिस्तूल बरोबर होतं. एका तरुण नर्सच्या शेजारी बसलेला होता. आपल्या मैत्रिणीला, ऑसा टोरेलला, तो गेले काही आठवडे सांगत होता की कामाचा डोंगर आहे, म्हणून घरी यायला उशीर होतो. पथकातल्या सगळ्यांना मात्र पक्कं ठाऊक आहे की त्या दिवसांत फारसं काम नव्हतंच. एवढीशी विसंगती. तीनशेच्या आसपास पानांचं सगळं पुस्तक या एका फटीतून उघडत जातं.

आता क्रमाचं. पहिलं पुस्तक ‘रोझॅना’, १९६५ सालचं. ८ जुलैच्या दुपारी गोटा कालव्याच्या बोरेनशुल्ट इथल्या लॉकमध्ये, म्हणजे बोटी वरखाली नेणाऱ्या पाण्याच्या दारांच्या टप्प्यात, गाळ उपसताना एका तरुणीचं प्रेत सापडतं आणि ती कोण हे कळायलाच प्रचंड वेळ जातो. दुसरं ‘द मॅन हू वेंट अप इन स्मोक’, १९६६ सालचं, बरंचसं बुडापेस्टमध्ये घडणारं. तिसरं ‘द मॅन ऑन द बाल्कनी’, १९६७ सालचं, बागांमधून लहान मुली मारल्या जातात त्याचं. या पुस्तकांत स्टेन्स्ट्रॉम कोपऱ्यात असतो. पोरगेला, थोडा लाजरा, मोठ्यांच्या गप्पांत बिचकत बोलणारा, पण पाळत ठेवण्यात तरबेज. एकदा कुणाच्या मागे लागला की सुटत नाही. वाचताना आपण त्याच्याकडे फार लक्ष देत नाही. त्याचे वरिष्ठही देत नाहीत. आणि चौथ्या पुस्तकात तो मेल्यावर कोलबर्गला जी जाणीव बोचते, की या पोराला आपण नीट ओळखतच नव्हतो, तीच वाचकालाही बोचते. ही किमया साधायला आधी त्याला दुर्लक्षित ठेवावं लागतं. लेखकांनी ते तीन पुस्तकं केलं. सुरुवात चौथ्यापासून केली तर ही पूर्वतयारी आपण स्वतःच्या हातानं फेकून देतो.

वेळच नसेल तर निदान ‘रोझॅना’ वाचा आणि मग हे घ्या. दुसरं वगळलं तर फारसं बिघडत नाही. दहांत ते जरा हलकंच आहे. तिसरं वगळू नका, कारण गुनवाल्ड लार्सन तिथे पहिल्यांदा येतो. दांडगा, उर्मट, महागड्या कपड्यांचा शौकीन असा हा माणूस आहे, आणि कोलबर्गचं आणि त्याचं अजिबात पटत नाही. हे वैर ठाऊक असेल तर चौथ्या पुस्तकातले त्यांचे प्रसंग दुप्पट रंगतात.

बसच्या प्रसंगाकडे जरा जवळून पाहू, कारण पोलीसकथा लिहिणं म्हणजे काय ते तिथे दिसतं. घटनास्थळी पहिल्यांदा पोचतात क्रिस्टियानसन आणि क्वांट, सोल्नाच्या गस्तीच्या गाडीतले दोन आळशी शिपाई. शक्य तितकं कमी काम अंगावर घ्यायचं, हा त्यांचा नेम. ते बसमध्ये शिरतात, पुढेमागे फिरतात, आणि तपासासाठी जपायला हवं होतं ते सगळं तुडवून ठेवतात. बस ही मुळात चिंचोळी जागा. मधून एक अरुंद वाट, वर जायला एक जिना, फरशीवर पावसाचं पाणी आणि रक्त. मारेकरी कुठे उभा होता, जिन्यावरून उतरला की खालीच होता, कोणत्या दारानं बाहेर पडला, हे सांगू शकणारे ठसे असतील तर ते याच वाटेवर असणार, आणि नेमकी तीच वाट चार बुटांखाली गेलेली. लार्सन त्या दोघांची जी हजेरी घेतो ती हसवते, पण हसताना लक्षात येतं की तपासाचा एक दरवाजा कायमचा बंद झाला. कथेतले अडथळे लेखकांनी कुणाच्या कपटातून आणलेले नाहीत. ते आळसातून, थकव्यातून, कागद वेळेवर न वाचण्यातून येतात. खऱ्या तपासात बहुतेक वेळा असंच होतं.

बसचाच आणखी एक बारकावा. ३ सप्टेंबर १९६७ ला स्वीडननं वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला आणली. कथा त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी घडते. त्यामुळे बसचं स्टिअरिंग कुठे आणि दार कुठे, याचा उल्लेख लेखक मुद्दाम करतात. हा संदर्भ माहीत नसेल तर ती ओळ निरर्थक वाटते. माहीत असेल तर आपलं रोजचं शहर लोकांना त्या महिन्यांत किती नवखं वाटत असेल ते जाणवतं. दुसरा संदर्भ याहून महत्त्वाचा : १९६५ च्या सुरुवातीला स्वीडनचे स्थानिक पोलीस राष्ट्रीय अखत्यारीत गेले. बेकच्या तोंडी येणारी वरिष्ठांबद्दलची चीड, नवे नियम, माणसांचा तुटवडा, निदर्शनांवर खर्च होणारं बळ, या सगळ्याची मुळं त्या बदलात आहेत. मालिका १९६५ ते १९७५ या दहा वर्षांची आहे आणि ती बदलाची झळ आतून दाखवते.

नऊ प्रेतांपासून तपास पुढे नेण्याची रीत हा पुस्तकाचा गाभा. प्रश्न दोनच. हे एखाद्या माथेफिरूचं काम असेल तर नऊ जणांत कसलाही संबंध शोधण्यात अर्थ नाही. ठरवून केलेलं असेल तर नऊपैकी कुणीतरी एक खरं लक्ष्य आहे आणि बाकीचे केवळ त्या बसमध्ये होते म्हणून गेले. पहिली शक्यता वर्तमानपत्रांना आवडते, वरिष्ठांनाही सोयीची वाटते. अमेरिकेत होणाऱ्या सामूहिक हत्यांच्या अभ्यासाचे दाखले दिले जातात, मारेकऱ्याच्या मनाचं चित्र रेखाटलं जातं. दुसरी शक्यता चिवट कामाची आहे. नऊ माणसांची नऊ आयुष्यं उघडायची. ड्रायव्हर, नर्स, गॅरेजचा फोरमन, दुहेरी जगणं जगणारा व्यापारी, भाड्याच्या खोलीत राहणारा अल्जीरियन कामगार, आणि एक जण, ज्याच्याजवळ ओळख पटवणारं काहीच नाही आणि ज्याचा चेहरा ओळखू येण्यासारखा उरलेला नाही.

पथक ही माणसं वाटून घेतं. हात कमी पडतात म्हणून बाहेरून मदत येते : माल्मोहून मॉन्सन, तोंडात कायम टूथपिक, सुंड्सव्हालहून नॉर्दिन, ज्याला स्टॉकहोमचे रस्ते उमगत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला एक प्रेत, एक घर, काही दारं आणि बरंचसं वाया जाणारं बोलणं. इथे एक सूचना : पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नऊ ओळी आखा आणि प्रत्येक मृताबद्दल कळेल ते एका ओळीत लिहीत जा. नाव, काय करत होता, कुठून कुठे चालला होता. हे अवजड वाटेल, पण स्वीडिश आडनावं सरावाची नसल्यामुळे मध्यावर पोचेपर्यंत चार जण एकमेकांत मिसळून जातात, आणि पुस्तक बाजूला ठेवलं जातं ते नेमकं तिथेच. नऊ ओळी डोळ्यांसमोर असतील तर कोणत्या ओळीत काय भरलं जात नाही तेही दिसायला लागतं. तिथेच नजर ठेवा.

शस्त्र आहे सुओमी सबमशीनगन, मूळ फिनलंडची रचना. स्वीडिश सैन्यातही ती वापरात होती, त्यामुळे शस्त्रावरून माणसापर्यंत पोचणं सोपं नाही. डीएनए नाही, मोबाइल नाही, कॅमेरे नाहीत. आहे तो टेलिफोन, कार्डांची कपाटं, आणि फ्रेड्रिक मेलांडर, ज्याची स्मरणशक्ती म्हणजे पथकाचं चालतंबोलतं दप्तर. वर्षांपूर्वीचं नाव, तारीख, पत्ता तो पाइप ओढत शांतपणे सांगतो. तो नेमका हवा तेव्हा शौचालयात असतो हा मालिकेतला कायमचा गमतीचा धागा, आणि गंमत असली तरी त्यातून एक माणूस उभा राहतो.

दुसरा प्रसंग टेपरेकॉर्डरचा. बसमधला एकमेव जिवंत माणूस बेशुद्ध आहे. त्याच्या उशाशी पोलीस टेप घेऊन बसतात. आयनार रॉन हा लाल नाकाचा, साधा, कुणाच्या लेखी फारसा हुशार नसलेला अधिकारी, आणि त्याच्या जोडीला उलहोल्म हा नियमांचं पोथीपांडित्य करणारा. जखमी माणूस क्षणभर शुद्धीवर येतो. गोळ्या कुणी झाडल्या? तो एक शब्द उच्चारतो, ज्यात स्वर ऐकूच येत नाहीत, नुसती व्यंजनं. कसा दिसत होता? पुन्हा एक अस्पष्ट शब्द, जो एखाद्या आडनावासारखा वाटतो. आणि तो मरतो. त्यानंतर पथक ती टेप पुन्हापुन्हा ऐकतं. हा धागा खास आहे, कारण पुरावा सगळ्यांसमोर उघडा पडलेला आहे. वाचकालाही तो जसाच्या तसा दिलाय. काहीही लपवलेलं नाही. अडचण फक्त ऐकण्याची आहे. आपण प्रश्नाचं उत्तर म्हणून नाव अपेक्षित धरतो आणि म्हणून आपल्याला नावच ऐकू येतं.

ते दोन शब्द डोळ्यांनी वाचून पुढे जाऊ नका. मोठ्यानं म्हणा, भरभर म्हणा, मरणाऱ्या माणसाच्या श्वासात म्हणा. कोडं नादाचं आहे. मूळ स्वीडिशमधला खेळ इंग्रजीत आणताना अनुवादक ॲलन ब्लेअर यांना तो पुन्हा जुळवावा लागला असणार, आणि त्यांनी तो समर्थपणे जुळवलाय. त्यांचा अनुवाद १९७० चा. भाषा थोडी जुनी वाटेल, पण संवादांची कोरडी, तुटक चाल टिकून आहे आणि या लेखकांच्या बाबतीत तीच सर्वांत जपण्यासारखी. पहिल्या दोन पुस्तकांचे अनुवादक वेगळे आहेत. ‘रोझॅना’ लोइस रॉथ यांनी केलंय, दुसरं जोन टेट यांनी. त्यामुळे पात्रांच्या बोलण्याचा पोत पुस्तकागणिक किंचित बदलल्यासारखा वाटला तर तो लेखकांचा दोष नव्हे. आणखी एक : नव्या इंग्रजी आवृत्त्यांना इतर लेखकांच्या प्रस्तावना जोडलेल्या असतात. त्या पुस्तक संपल्यावर वाचा. प्रस्तावना लिहिणारे बहुधा असं धरून चालतात की शेवट सगळ्यांना ठाऊक आहे.

वाचकांची सर्वांत मोठी तक्रार संथपणाची. पहिल्या पन्नास पानांत बस, प्रेतं, गोळ्या, आणि मग कित्येक पानं काहीच घडत नाही, असं बरेच जण म्हणतात. तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिच्याशी सहमत होता येत नाही. पाल्हाळ म्हणजे काढून टाकलं तरी चालेल असं लिहिणं. इथे वाया गेलेला प्रत्येक दिवस हिशेबात आहे. नोव्हेंबरचा पाऊस डिसेंबरचा चिखल होतो, दुकानांत नाताळची गर्दी उसळते, कोलबर्ग त्या खरेदीच्या झुंबडीवर मनापासून वैतागतो, आणि तपास तिथेच. नऊपैकी आठ वाटा बंद होतात हे वाचकाला सोसावं लागतं, कारण नववी वाट उघडते तेव्हा ती चमत्कार वाटू नये. ती उघडते कशी, तर स्टेन्स्ट्रॉम काय करत होता ते टप्प्याटप्प्यानं पुन्हा मांडून. त्यानं हाती घेतलेलं काम म्हणजे सोळा वर्षांपूर्वीची, १९५१ ची, न सुटलेली एक केस. एवढं सांगायला हरकत नाही, पुस्तकाच्या मलपृष्ठावरही बऱ्याचदा ते असतं. त्या जुन्या केसमध्ये साक्षीदाराच्या नजरेची एक प्रामाणिक चूक फायलीत खरी म्हणून लिहिली गेली आणि सोळा वर्षं तशीच राहिली. कुणी खोटं बोललेलं नव्हतं. त्या चुकीमुळे कसून, शेकडो तास केलेलं काम फुकट गेलं. तपासात काय बिघडतं आणि का, याचं याहून चांगलं उदाहरण या प्रकारच्या लिखाणात सहसा सापडत नाही.

दुसरी तक्रार राजकारणाची. लेखक दोघंही डावे, मार्क्सवादी विचारांचे. संपूर्ण मालिकेला त्यांनी ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असं उपशीर्षक दिलं, आणि तो गुन्हा म्हणजे कल्याणकारी राज्यानं आपल्याच कष्टकऱ्यांचा केलेला विश्वासघात, अशी त्यांची धारणा होती. मालिकेच्या उत्तरार्धात, विशेषतः आठव्या ‘द लॉक्ड रूम’ पासून, ही भूमिका कथेच्या पुढे येऊन उभी राहते आणि ज्यांना ते खटकतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. चौथ्या पुस्तकात मात्र तोल अचूक आहे. भाषण कुठे नाही. एका परदेशी कामगाराची खोली, एका मध्यमवयीन माणसाचं आरामशीर घर आणि ओळख नसलेल्या प्रेताचा इतिहास, हे तिन्ही एकामागून एक ठेवले की जे म्हणायचंय ते म्हटलं जातं.

बायकांच्या चित्रणाबद्दल मात्र पुस्तकाची बाजू घेता येणार नाही. १९५१ च्या केसमधल्या स्त्रीचं वागणं समजावून सांगताना तिच्या कामवासनेला आजाराचं नाव दिलं जातं, आणि कथेतला कुणीही त्यावर प्रश्न विचारत नाही. त्या काळचं वैद्यकही असंच बोलायचं हे खरं, पण लेखकांची नजर इतर सगळीकडे एवढी चौकस असताना इथे ती मिटलेली दिसते. तिच्या मरणाला रहस्य म्हणून जेवढं मोल मिळतं तेवढं तिला माणूस म्हणून मिळत नाही. ऑसा टोरेलचा प्रसंगही अवघड आहे. स्टेन्स्ट्रॉमच्या टेबलाच्या खणात कोलबर्गला तिचे काही खासगी फोटो सापडतात आणि नंतर तो तिला अत्यंत बोचरे, खासगी प्रश्न विचारतो. नुकतीच एकटी पडलेली मुलगी, नीट जेवत नाही, झोपत नाही, आणि समोर हा. वाचताना चीड येते. पण हा प्रसंग वगळला तर पुस्तक लंगडं होईल. कोलबर्गला स्वतःच्या प्रश्नांची किळस येत असते हे लेखक दाखवतात, आणि त्या चौकशीतूनच स्टेन्स्ट्रॉम शेवटच्या आठवड्यांत मनानं कुठे होता ते उलगडतं. चौकशी संपल्यावर कोलबर्ग तिला आपल्या घरी नेतो, त्याची बायको गुन तिला सांभाळते. मालिकेतलं सर्वांत माणुसकीचं पान तेच.

शेवटाबद्दलही एक आक्षेप आहे. दोनअडीच महिन्यांची दमछाक झाल्यावर शेवटच्या काही प्रकरणांत सगळं फार झपाट्यानं उरकतं. कारण पटतं, दुवे जुळतात, पण ज्यानं हे केलं तो माणूस कागदावरच राहतो. मेलेल्या नऊ जणांपैकी प्रत्येकाला लेखकांनी चेहरा दिला, तेवढा मारणाऱ्याला दिला नाही. आणखी दोन प्रकरणं चालली असती. ती मिळणं शक्य नव्हतं, कारण मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाला तीसच प्रकरणं आहेत. दहा पुस्तकं, तीनशे प्रकरणं, एकच मोठी कादंबरी, असा आराखडा लेखकांनी सुरुवातीलाच ठरवून घेतला होता. रात्री मुलं झोपली की दोघं लिहायला बसत आणि एकाआड एक प्रकरण लिहून काढत. सांधा कुठे आहे ते शोधून बघा, सापडत नाही. त्याआधी दोघांनी मिळून शैली घडवण्यावर मेहनत घेतली होती : लहान वाक्यं, विशेषणं मोजकी, भावना कृतीतून. अमेरिकन लेखक एड मॅकबेनच्या पोलीसकथांचे स्वीडिश अनुवादही या जोडीनं केले. एकट्या हुशार गुप्तहेराऐवजी अख्खं पोलीस ठाणं नायक करायची कल्पना दोन्हीकडे आहे, पण मॅकबेनच्या झटपट चालीऐवजी इथे ऋतू बदलतात, पोटं बिघडतात, संसार विटतात.

बेकचा स्वतःचा संसार या पुस्तकात बराच विटलेला आहे. बायकोशी बोलणं उरलेलं नाही. मुलगी इंग्रिड मात्र बापाला ओळखून आहे. नाताळला ती त्याला एक रेकॉर्ड भेट देते, चार्ल्स पेनरोझ या इंग्रज गायकाचं १९२० च्या दशकातलं जुनं विनोदी गाणं, ज्यात एक पोलीस खदाखदा हसत सुटतो. घरात बाकीचे हसून लोटपोट होतात. बेकला हसू येत नाही, आणि मुलीला वाईट वाटू नये म्हणून तो काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. शीर्षक या गाण्याचं आहे. इथे घाईनं पान उलटू नका, कारण शेवटच्या पानावर हाच धागा परत येतो आणि तिथे तो कळायला नाताळची ही संध्याकाळ आठवणीत असावी लागते.

सिनेमा आधी पाहायचा विचार असेल तर थांबा. स्टुअर्ट रोझेनबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला १९७३ चा सिनेमा कथा सॅन फ्रान्सिस्कोला नेतो. वॉल्टर मॅथाऊ आणि ब्रूस डर्न आहेत, बसचा प्रसंग दमदार आहे, पण स्टॉकहोम गेलं, पथकाचा गोतावळा गेला, आणि त्याबरोबर पुस्तकाचा आत्माही. १९९७ पासून पीटर हाबर बेकच्या भूमिकेत असलेले स्वीडिश चित्रपटही या नावानं शोधताना समोर येतात. त्यांत पात्रं शेवाल-वालूंची आहेत, कथा बहुतेक नव्यानं लिहिलेल्या आहेत. पडद्यावर मालिकेची खरी चव हवी असेल तर बो विडरबर्ग यांचा १९७६ चा ‘द मॅन ऑन द रूफ’ पाहा. तो सातव्या पुस्तकावर आहे, म्हणून सातवं वाचून झाल्यावर.

हे पुस्तक संपवल्यावर लगेच पाचवं, १९६९ चं ‘द फायर इंजिन दॅट डिसअपिअर्ड’ घ्या. मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका. पथकात एक खुर्ची रिकामी झालेली आहे, तिच्यावर नवा माणूस येऊन बसलाय, आणि कोलबर्ग त्याच्याशी ज्या तऱ्हेनं वागतो त्यामागे स्टेन्स्ट्रॉम आहे, हे कुठेही लिहून दिलेलं नाही. ऑसा टोरेलही संपत नाही. पुढच्या पुस्तकांत ती भेटते तेव्हा पोलिसात भरती झालेली असते.